दोन सह्यांची खोली

१

सकाळी साडेनऊला मास्तरीण शिंप्याच्या दुकानावरचा जिना चढायची, कुलूप काढायची, किटली लावायची आणि पाणी उकळेपर्यंत नोंदी वाचायची. चार वर्षांत हा क्रम मोडला नव्हता. सरकारी कचेरीत असती तर तिला घड्याळ बक्षीस मिळालं असतं. इथे द्यायला कोणी नव्हतं. ती आणि पेंटर, संपली कंपनी.

मास्तरीण हे नाव पेंटरने ठेवलेलं. दुसऱ्याची चूक सापडली की तिच्या चेहऱ्यावर सात्त्विक समाधान पसरायचं, म्हणून. पेंटर चित्रं काढायचा, ती ती चित्रं चालती-बोलती करायची. दोघांनी मिळून एक व्हिडिओ गेम करायला घेतला होता. एका बंद पडलेल्या कचेरीत एक नवा कारकून रुजू होतो आणि खोल्याखोल्यांतून फिरत फायली जागच्या जागी लावतो. बंदूक नाही, पळापळ नाही. मास्तरीण ताईकडे राहायची. गेमची ही गोष्ट ऐकून भावोजींचा घास हातातच राहिला होता.

"म्हणजे लोक पैसे देऊन कारकुनी करणार?"

"हो."

"आमच्या कचेरीत पगार घेऊनही करत नाहीत."

कामाचा नियम एकच होता. गेममध्ये जो बदल करायचा तो आधी इंटरनेटवरच्या सामाईक दप्तरात टाकायचा: नाव, वेळ आणि काय केलं त्याची एक ओळ. ती नोंद दुसऱ्यापुढे यायची. त्याने वाचून 'मंजूर' दाबलं की मगच तो बदल गेममध्ये शिरायचा. आपलं काम आपणच मंजूर करता येत नसे. दोघांचा एकमेकांवर पूर्ण विश्वास आहे म्हणून हा नियम, असं पेंटर म्हणायचा. पूर्ण विश्वास असला की दोन सह्या कशाला लागतात, हे विचारायला तिसरा माणूस हवा होता. तो नव्हता.

खोलीत दोन टेबलं, दोन खुर्च्या आणि रस्त्यावर उघडणारी एक खिडकी. दाराला बाहेरून कडी-कुलूप होतं, आतून काही नव्हतं. मालकाने आतली कडी लावून देतो म्हणून चार वर्षं सांगितलं होतं. वारा सुटला की पेंटर आपली खुर्ची दाराला टेकवून ठेवायचा आणि उभ्यानेच चित्रं काढायचा.

२

चार महिन्यांपूर्वी एका सोमवारी ती आली तर पेंटरचं टेबल मोकळं होतं. तिच्या की-बोर्डवर चिठ्ठी होती. "मला आता हे जमणार नाही. कारण तुला माहीत आहे."

तिला माहीत नव्हतं. तिने चिठ्ठी उलटी करून पाहिली. मागे कोरं होतं.

दोन दिवसांनी कळलं की तो एका मोठ्या कंपनीत लागला. सहा मजली काचेची इमारत. तिथे फोनवरचे गेम करत: चाक फिरवायचं, नाणी पडतात, नाणी संपली की पुन्हा चाक फिरवायचं. तिथे तो नाणी रंगवणार होता. चार वर्षं भिंतींच्या पोपड्यांवर वाद घालणारा माणूस.

तिने फोन केला नाही. ज्याने जाताना तोंड दाखवलं नाही त्याच्या दारात आपण का जावं? ताईने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा भावोजींनी. "बरंच झालं, एक तोंड कमी," ती म्हणाली आणि ताटावरून उठली.

एक गोष्ट मात्र तिने केली नाही. दप्तराची त्याच्याकडची किल्ली, म्हणजे त्याच्या नावाने आत शिरायचा हक्क, काढून घेतला नाही. एक बटण दाबायचं होतं. पण ते दाबायचं म्हणजे तो गेला हे लेखी कबूल करायचं. तोंडी कबूल करणं सोपं असतं, लेखी राहतं.

नवव्या दिवशी किटली लावून ती नोंदी वाचायला बसली, तर मंजुरीसाठी एक नोंद थांबलेली.

'पेंटर. ९.२०. जिन्याखाली ओल आणली.'

तिने गेम उघडला. कचेरीच्या जिन्याखालच्या भिंतीवर ओल आली होती. चांगली जुनी, कडेला मीठ फुटलेली, पाहिल्यावर नाक चोळावंसं वाटेल अशी. चाक-नाण्यांच्या कंपनीत बसून सकाळी सकाळी चोरून केलेली.

"आलास ना ठिकाणावर," मास्तरीण रिकाम्या खुर्चीला म्हणाली, आणि मंजूर दाबलं.

३

मग रोज एक नोंद यायची. वेळ तीच, ९.२०. ती यायच्या दहा मिनिटं आधी. 'कपाटांना गंज.' 'पंख्याची सावली.' 'दुसऱ्या मजल्यावर कोणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखं केलं.' ही शेवटची ओळ वाचून तिला हसू आलं. हे कसं करतात, पाहू तरी. ती गेममध्ये दुसऱ्या मजल्यावर गेली. खोली तशीच होती. तरी दारातून परत फिरताना तिने "माफ करा" म्हटलं.

तिच्या नोंदीही दुपारी जेवणाच्या सुमाराला मंजूर होऊन यायच्या. म्हणजे त्याचा जीव इथेच होता. लाजेने फोन करत नसेल. ती स्वाभिमानाने करत नव्हती. लाज आणि स्वाभिमान या दोन डोंगरांमधून नोंदींचा ओढा वाहत होता आणि गेम मात्र उत्तम होत चालला होता. छोट्या गेमकर्त्यांच्या एका प्रदर्शनाने तो निवडला. पुढच्या शुक्रवारी दुपारी बारापर्यंत अखेरची प्रत पाठवायची होती. नाही पाठवली तर जागा दुसऱ्याला.

काम वाढलं तसं तिचं वाचन कमी झालं. पहिल्या महिन्यात ती प्रत्येक नोंद उघडून तपासायची. दुसऱ्यात फक्त ओळ वाचायची. तिसऱ्यात नाव पाहायची आणि दाबायची. सहीचा प्रवास सगळीकडे असाच होतो.

४

गेम करणाऱ्यांची एक रीत असते. खेळणाऱ्याला सहसा सापडणार नाही अशी एक चोरखोली ते गेममध्ये ठेवतात, स्वतःची आठवण म्हणून. या दोघांनीही ठेवली होती: कचेरीच्या शेवटच्या कपाटामागे त्यांची स्वतःची खोली. खिडकी, किटली, दोन टेबलं, दोन खुर्च्या.

शुक्रवारला आठ दिवस असताना मास्तरीण सगळ्या खोल्या तपासत तिथे पोचली. खोलीत तीन खुर्च्या होत्या.

तिसरी दोन टेबलांच्या मध्ये, दाराकडे पाठ करून ठेवलेली. तिने जुन्या नोंदी उपसल्या. दीड महिन्यापूर्वी पेंटरच्या नावाची नोंद होती: 'दप्तरखान्यात संध्याकाळचा उजेड. सोबत एक खुर्ची.' उजेड तिला आठवत होता, तो अप्रतिम होता. सोबतची खुर्ची तिने वाचलीच नव्हती. मंजूर मात्र तिनेच केली होती.

तिने खुर्ची काढली. दुपारी ते मंजूर होऊन आलं. दुसऱ्या दिवशी पेंटरची नोंद: 'जिन्याचा कठडा पूर्ण. पावलांचे आवाज पूर्ण. खुर्ची परत.' कठड्यावाचून गेम अडला होता. पावलांवाचूनही. तिने दात आवळले आणि तिन्ही बदल मंजूर केले. एका खुर्चीने काय होतं?

खाली उतरताना शिंप्याने मशीन थांबवलं. "हल्ली लवकर येता."

"नाही हो, साडेनऊलाच."

"मग वर खुर्ची कोण सरकवतं?" तो म्हणाला. उत्तराची वाट न बघता त्याने पुन्हा मशीन सुरू केलं. त्याला ते विचारायचं नव्हतं, नुसतं सांगायचं होतं.

५

मंगळवारी तिसरी खुर्ची रिकामी नव्हती.

त्यावर एक बाई पाठमोरी बसली होती. की-बोर्डवर बोटं चालत होती. केस वर बांधलेले, क्लिपचा एक दात तुटलेला. मास्तरणीने हात मागे नेऊन आपली क्लिप चाचपली. एक, दोन, तीन, मग गॅप. बाईच्या मानेवर, डाव्या बाजूला, केसांच्या मुळाशी एक तीळ होता. मास्तरणीने जरा हायसं वाटून घेतलं. तीळ तिला नव्हता.

घरी ताई कपडे घडी करत होती. "ताई, माझ्या मानेवर तीळ आहे?"

"जन्मापासून. का गं?"

"मला कसा माहीत नाही?"

"तुझी मान तुला दिसते का कधी? मागे बसणाऱ्याला दिसते."

मागे बसणारा चार वर्षं एकच होता.

म्हणजे हे असं होतं. ती ज्याला पश्चात्ताप समजून रोज मंजूर करत होती, तो रोज तिच्या खोलीत तिची नक्कल बसवत होता. ज्याने पाठ फिरवली त्याने तिची पाठ काढून ठेवली होती, तिळासकट. घाबरायचं होतं, पण राग आधी आला. आणि रागामुळे तिला खरं तर बरंच वाटलं. रागाला कारण लागतं, आणि कारण होतं.

६

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत ती काचेच्या इमारतीखाली उभी राहिली. पेंटर बाहेर आला. गळ्यात ओळखपत्र, चेहरा उतरलेला.

"ये," तो म्हणाला. "आज तोंडी देणार वाटतं."

"काय?"

"शिव्या. लेखी तर देऊन झाल्यात."

"माझी मान काढायला तुला कोणी सांगितलं?"

"कसली मान?"

"नाटक करू नकोस. तीळ, क्लिप, सगळं. तिसऱ्या खुर्चीवर बसवलंयस मला."

त्याने फोन काढला आणि दप्तर उघडून तिच्यासमोर धरलं. त्याच्यापुढे मंजुरीसाठी आलेल्या नोंदींची यादी होती. तिच्या नावाच्या.

'मास्तरीण. ९.२०. पेंटरची भिंत पुसून नीट केली.'

'मास्तरीण. ९.२०. पेंटरची खिडकी काढली. बाहेर काही नसतं हे त्याला कळत नाही.'

'मास्तरीण. ९.२०. पेंटरशिवायही होतं.'

पहिली नोंद तो जाण्याच्या दोन आठवडे आधीची होती. शेवटची, तो गेला त्याच्या आदल्या दिवसाची.

"हे मी लिहिलेलं नाही," ती म्हणाली.

"तुझं नाव आहे."

"तुझ्या नावावर ओल आहे, कठडा आहे, खुर्ची आहे."

"गेल्यापासून मी एक रेघ ओढलेली नाही. तुझं आलेलं मंजूर करतो, बस. तेवढं तरी करावं म्हणून."

"वाचून?"

तो काचेकडे बघायला लागला. "तू वाचतेस?"

आपल्या नावाने काय गेलं हे दोघांपैकी कोणीच पाहिलं नव्हतं. आपण टाकलेलं पत्र कोण परत वाचतं? प्रत्येकापुढे फक्त दुसऱ्याचा ढीग होता.

"किल्ल्या चोरल्यात कुणीतरी," पेंटर म्हणाला. तिनेही ते लगेच उचललं. चोर म्हटलं की कसं, सगळं जागच्या जागी बसतं. चोराला तुझा तीळ कुठून माहीत, असं कोणी विचारलं नाही. शुक्रवारी दहाला खोलीवर भेटायचं, दोघांनी शेजारी बसून दोन्ही किल्ल्या बदलायच्या, बाई आणि खुर्ची काढायची आणि बाराच्या आत प्रत पाठवायची, असं ठरलं. त्याच्याकडे खोलीची जुनी चावी होतीच.

"आणि मग?" तिने विचारलं.

"मग नाण्यांना रजा. माझी खुर्ची आहे का अजून?"

"दोन्ही आहेत."

"दोनच ना?"

ती हसली नाही. ती हसायची तेव्हा सायकलच्या पंपासारखा आवाज यायचा आणि पेंटर त्यावर जगत असे.

"पंप बिघडला वाटतं," तो म्हणाला. "शुक्रवारी बघू."

७

शुक्रवारी बस मिळेना. मिळाली तेव्हा उभं राहायलाही जागा नव्हती. एका हाताने दांडी, एका हाताने फोन. साडेनऊ वाजून गेले होते. प्रदर्शनवाल्यांचा निरोप आला: बारानंतर प्रत घेतली जाणार नाही. त्यावर ताईचा: डबा विसरलीस. त्यावर दप्तराचा: एक नोंद मंजुरीसाठी थांबली आहे. पेंटर. दाराचं काम.

गेममधल्या कचेरीच्या पहिल्या दारात दोन वर्षं एक खोट होती. कारकून मध्येच अडकायचा. पेंटर पोचला आणि लागलासुद्धा कामाला, तिला वाटलं. बस थांबली, मागून धक्का आला आणि अंगठ्याने चार महिन्यांच्या सवयीने मंजूर दाबलं.

उतरल्यावर, रस्ता ओलांडताना, तिने वेळ पाहिली. ९.२० ची नोंद होती. पेंटर दहाला यायचा होता.

ती फुटपाथवर थांबली आणि पूर्ण ओळ वाचली.

'दाराला आतून कडी लावली. आता बाहेरून उघडणार नाही.'

८

शिंप्याने तिला पाहिलं आणि सुई हातातच राहिली.

"तुम्ही खाली कधी आलात?"

"मी आत्ता येतेय."

"आत्ता वर गेलात की. मग तुमचे ते आले. पाव तास झाला." त्याने वर छताकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग मान खाली घातली आणि दोरा ओवायला लागला. तो दोरा ओवलेलाच होता.

ती जिना चढली. कठड्याला हात लावला, मग काढून घेतला. कुलूप काढलेलं होतं. तिने दार ढकललं. चार वर्षं नुसत्या बोटाने उघडणारं दार हललं नाही. वरच्या कोपऱ्यात, आतल्या बाजूने, काहीतरी लोखंडी अडलं होतं.

आत पेंटर बोलत होता. ऐकू येत होतं, शब्द नव्हते. मग हसण्याचा आवाज आला. सायकलच्या पंपासारखा.

"झाला की दुरुस्त पंप," पेंटर म्हणाला. त्याचा आवाज इतका मोकळा तिने वर्षभरात ऐकला नव्हता.

मास्तरणीने दार वाजवलं.

"कोण आहे?"

"कोणी नाही," आतून तिच्याच आवाजात उत्तर आलं. "वाऱ्याने वाजतं."

"कडी कधी लावलीस?" पेंटरने आत विचारलं.

"आजच. तुझ्याच नावावर आहे."

"पेंटर," ती बाहेरून म्हणाली. मोठ्याने म्हणायचं होतं, तेवढं मोठं आलं नाही. "मी इथे आहे. बाहेर. तिच्याकडे बघ नीट. समोरून बघ."

तो वळला असेल. त्याने पाहिलं असेल. ती दाराला कान लावून उभी राहिली. चार वर्षं ज्याने तिची एकेक चूक ऐकून घेतली, तिची पाठ, तीळ, हसणं सगळं ज्याला पाठ होतं, तो आता एक शब्द बोलला की झालं.

"ऐकलंस?" पेंटर आत म्हणाला. "हुबेहूब तुझा आवाज."

"असू दे. बस. बारापर्यंत पाठवायचंय."

खुर्ची सरकली. की-बोर्ड वाजू लागला, आधी एक, मग दोन. रोजच्यासारखे. तिने चार वर्षं ऐकलेला तोच ताल, फक्त तो बाहेरून कसा ऐकू येतो हे तिला ठाऊक नव्हतं. चांगलं जुळलं होतं दोघांचं.

हातातला फोन थरथरला. मंजुरीसाठी एक नोंद होती.

'पेंटर. जिन्यावर एक बाई उभी केली. दार वाजवते. अजून मागे वळत नाही.'

तिने फोन दोन्ही हातांनी धरला, अंगठे पडद्यापासून लांब, दोन्ही दिसतील असे. खाली शिंप्याचं मशीन थांबलं. ती बघत असताना ओळीखाली हळूच दुसरी सही उमटली.

'मंजूर. मास्तरीण.'

आणि तिच्या मागे, खालच्या पायरीवर, कोणीतरी पाऊल ठेवलं.